भागीदार म्हणजे कोण

सॉफ्टवेअरबरोबर जी माहितीपुस्तिका येते, ती कोणीतरी बसून लिहिलेली असते, हे स्वतः लिहायला लागेपर्यंत मलाही कधी सुचलं नव्हतं. वाशीमला आमच्या घराच्या वरच्या खोलीत बसून मी काही वर्षं हेच काम केलं. पडद्यावर जे जे दिसतं त्याबद्दल लिहायचं. बटनं, रिकाम्या चौकटी, टिचकी मारल्यावर उघडणाऱ्या याद्या, कोपऱ्यातले तीन ठिपके. हे कुठं आहे, त्याला काय म्हणतात, ते दाबलं तर काय होतं. शेजारच्या काकू आईला विचारायच्या, "पोरगी दिवसभर काय करते वं वरतं?" आई सांगायची, "मोबाइलमंदल्या बटनायबद्दल लिहिते." काकूंना ते खरं वाटायचं नाही.

हे काम मला ताईनं दिलं. ताई म्हणजे माझी सख्खी बहीण नव्हे. ती शिरपूर जैनची. कॉलेजात माझ्या पुढच्या वर्गात होती आणि रोज बसनं वाशीमला यायची. परतीची बस उशिरा असली की आमच्याच घरी जेवायची. माझं इंग्रजी फार कच्चं होतं. ती मला बसस्टँडवरच्या बाकावर बसवून वाक्यं जुळवायला शिकवायची, आणि मी चुकले की पाठीत धपाटा घालून म्हणायची, "अवं, क्रियापद कुठी ठेवलं तू?" पुढं ती पुण्याला गेली. लहान दुकानदारांसाठी बिलं आणि ऑर्डरी सांभाळणारं ॲप बनवणाऱ्या एका कंपनीत लागली. काही वर्षांत पुस्तिका आणि प्रशिक्षण हे सगळं तिच्याकडं आलं, तेव्हा तिनं मला फोन केला.

"इथले लोक मराठीत लिहितात थे आपल्या लोकायले समजत नाई," ती म्हणाली. "तू लिही."

"मले जमन काय, ताई?"

"काहून नाई जमनार? आधी जागा सांग, मंग नाव, मंग काम. आन पडद्यावर जे हाय थे सोडायचं नाई. मानसाची नजर जिथं जाते तिथं आपलं वाक्य पाह्यजे."

इतकंच शिक्षण. पण मी ते मनावर घेतलं. पुण्याहून आलेल्या जुन्या मसुद्यात 'अधोमुखी सूची' असा एक शब्द होता. मी फोनवर तिला तो वाचून दाखवला आणि आम्ही दोघी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो. मी त्याऐवजी 'बाण दाबल्यावर खाली उघडणारी यादी' असं लिहिलं. लांब होतं, पण वाचणाऱ्याचं बोट बरोबर बाणावर जायचं. 'पुष्टी करा' या शब्दाशेजारी 'म्हणजे हो, बरोबर आहे' असं लिहिलं. पडद्यावरचे शब्द बदलायचा अधिकार मला नव्हता. ते जसे होते तसे ठळक अक्षरांत लिहायचे आणि मग आपल्या भाषेत सांगायचं, एवढंच माझ्या हातात होतं. पण ते हातात होतं, याचा मला अभिमान होता.

लिहिलेलं कोणाकडून तरी करून पाहायचं, ही माझी स्वतःची पद्धत. त्यासाठी मी आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या गादीच्या दुकानात जायची. दुकान चाचांचं. त्यांच्या वडलांपासूनचा कापूस पिंजायचा धंदा. चाचा आणि त्यांचा धाकटा भाऊ मिळून चालवायचे. लग्नसराईत आंदणाच्या गाद्या, रजया, उशांच्या ऑर्डरी रिसोड, मालेगाव, केनवडपर्यंतच्या असायच्या. मागं पिंजायची मशीन, पुढं गाद्यांची थप्पी, आणि सगळ्यांच्या भुवयांवर कापसाचे तंतू. मोबाइल मात्र चाचांच्या सुनेकडं असायचा. ती हिंगोलीकडची. हिंदी सफाईनं वाचायची, मराठी अक्षर ओळखायची पण अडखळायची. म्हणून चाचा माझा मसुदा मोठ्यानं वाचायचे आणि ती पडद्यावर बोट फिरवायची. बोट जिथं थांबायचं तिथं माझं वाक्य चुकलेलं असायचं. मी तिथंच बसून ते दुरुस्त करायची.

एकदा असंच चाललं असताना सून 'दुकानाची माहिती' या पडद्याच्या अगदी तळाशी गेली.

"दीदी, हे नीचे काय हाय? हे तर पुस्तकात नाई."

मी पाहिलं. सगळ्यात खाली एक सरकतं बटन होतं, हिरवं, म्हणजे चालू. शेजारी लिहिलं होतं, 'भागीदार सेवांसाठी माहिती उपलब्ध'. माझ्याकडच्या आधीच्या आवृत्तीत ते नव्हतं.

चाचांनी चष्मा वर करून वाचलं आणि म्हणाले, "भागीदार म्हंजे माहा भाऊ न? त्याच्या मोबाइलवर दिसन्यासाठी असन. राहू दे चालू."

मलाही तसंच वाटलं असतं. वाशीमच्या बाजारात भागीदार या शब्दाचा दुसरा अर्थच नाही. पण खात्री नव्हती म्हणून मी तिथूनच ताईला फोन लावला. ती म्हणाली, "नाई, थे येगळं हाय. कंपनीचे भागीदार. म्हंजे दुसऱ्या कंपन्या. आपल्या दुकानदाराच्या गिऱ्हाइकाचे नंबर, ऑर्डरी, थे त्यायले पाहाले भेटते. जाहिराती-बिहिराती पाठोवतात."

"मंग हे आधीच चालू काहून हाय?"

"तसंच ठेवा म्हनतात हे लोक. तू लिही न काय लिहाचं थे."

मी त्याच दिवशी परिच्छेद लिहिला. तो मला अजून तोंडपाठ आहे. 'पडद्याच्या अगदी तळाशी एक सरकतं बटन आहे. ते आधीपासून चालू असतं. येथे भागीदार म्हणजे तुमच्या दुकानातला भागीदार नव्हे. बटन चालू असेल तर तुमच्या ग्राहकांचे फोन नंबर आणि ऑर्डरची माहिती बाहेरच्या कंपन्यांना दिसते. ती तुमच्याच दुकानात राहावी असं वाटत असेल तर बटन डावीकडं सरकवा. ते राखाडी झालं की बंद झालं.' सोबत पडद्याचं चित्र टाकलं आणि बटनाभोवती लाल गोल काढला.

दुकानातल्या त्या मोबाइलवरचं बटन मात्र मी त्या वेळी बंद केलं नाही. तो मोबाइल चाचणीचा होता, त्यात खोटी नावं भरलेली होती, आणि पुस्तिकेत येणारच म्हणून चाचांना आणि सुनेलाही मी तेव्हा वेगळं समजावलं नाही. खरं ॲप त्यांनी पुस्तिका छापून आल्यावर सुनेच्या नव्या मोबाइलवर घेतलं.

मसुदा वाचून ताईचा फोन आला. "भागीदारवाला परिच्छेद तं एकदम मस्त लिहिला तू," ती म्हणाली. "असं इथं कोनालेच लिहिता येत नाई." तो दिवस माझा फार छान गेला. आईला मी संध्याकाळी बाजारात नेऊन कुल्फी खाऊ घातली.

पुस्तिका छापून आल्या. गठ्ठे ट्रान्सपोर्टच्या ऑफिसातून ऑटोत घालून मी घरी आणले. वर निळं कव्हर, आत गुळगुळीत कागद. मी पहिली दोन पानं पाहिली, वास घेतला आणि ठेवून दिली. आपणच लिहिलेलं, आपणच कितीदा वाचलेलं, ते पुन्हा कोण वाचतं. मग वाशीम, शिरपूर, केनवड, जिथं जिथं दुकानदारांनी ॲप घेतलं होतं तिथं मी जाऊन पुस्तिका दिल्या. थोडं शिकवलं. बाकीचं सगळं यात आहे, असं सांगितलं. लोक विश्वासानं घ्यायचे. केनवडला एका भांड्याच्या दुकानदारानं तर पुस्तिका देवाच्या फोटोखाली ठेवली, कारण तिथं उंदीर जात नाही म्हणे. चाचांच्या सुनेनंही पुस्तिका पाहून पाहून ॲप सुरू केलं. सगळी गिऱ्हाइकं, नंबर, लग्नाची तारीख, गादीचं माप, कापड, सारं भरलं. चाचा कौतुकानं सांगायचे, "आता मले काई लक्षात ठेवा लागत नाई."

लग्नसराई सुरू झाली आणि एक दिवस सून आमच्या दारात आली. ती कधी घरी येत नसे. डोक्यावरची ओढणी सावरत ती पायरीपाशीच उभी राहिली आणि म्हणाली, "दीदी, अब्बांनी बोलावलं. आत्ता या."

दुकानात मशीन बंद होती. चाचा गादीवर बसले होते, समोरचा चहा तसाच. त्यांनी हळूहळू सांगितलं. महिनाभरापासून ऑर्डरी कमी होत होत्या. आधी वाटलं, पिकाचं साल बरं नाही. मग लोक सांगू लागले की एका मोठ्या गादी शोरूममधून फोन येतात. पोरीचं नाव, लग्नाची तारीख, गादीचं माप सगळं त्यांना माहीत. आमची गादी घ्या, पलंगावर सूट, घरपोच. आदल्या दिवशी केनवडचे एक गृहस्थ दुकानात येऊन सगळ्यांसमोर बोलून गेले होते. त्यांच्या घरच्या गाद्या चाचांच्या वडलांपासून इथूनच जायच्या.

"काय म्हनला मालूम हाय?" चाचा म्हणाले. "म्हने, चाचा, माह्या पोरीचा नंबर तुमी इकला. पोरीचा नंबर, बेटी. मी तोंड दाखवू का नोको गावात?"

मला एकदम त्या हिरव्या बटनाची आठवण झाली. मी सुनेला विचारलं, "तुमी थे खालचं बटन बंद नाई केलं?"

"कोनतं बटन? पुस्तकात हाय तेवढंच केलं मी."

"अहो, भागीदारवालं. पुस्तकात लिहिलं हाय न मी. गोल काढून दाखोवलं हाय." माझ्या आवाजात जरा चीडच होती. इतकं स्पष्ट लिहूनही लोक वाचत नाहीत, असं मला तेव्हा वाटलं.

सुनेनं गल्ल्याखालून पुस्तिका काढली. तिचे कोपरे दुमडलेले होते, पानापानांवर पेन्सिलीनं हिंदीत अर्थ लिहिलेले होते. तिनं ती माझ्या हातात दिली. मी 'दुकानाची माहिती' काढलं. पडद्याचं चित्र होतं. दुकानाचं नाव, पत्ता, वेळ, फोटो. चित्र तिथंच संपलं होतं. बटन जिथून सुरू होतं त्याच्या बरोबर वर ते कापलेलं होतं. खाली माझा परिच्छेद नव्हता. पुढचं वाक्य होतं, 'आता जतन करा दाबा.'

मी पान उलटून पाहिलं, मागचं पाहिलं, अनुक्रमणिका पाहिली. चाचा आणि सून माझ्याकडं बघत होते.

"मी लिहिलं होतं," मी म्हणाले. "चाचा, तुमच्याच समोर तं फोन लावला होता मी."

"लावला होता," चाचा म्हणाले. "मंग कुठी गेलं थे?"

सुनेनं पुस्तिका माझ्या हातातून परत घेतली आणि गल्ल्याखाली ठेवली. मी तिच्याकडून मोबाइल मागून ते बटन बंद केलं, पण ती माझ्या बोटाकडं अशी पाहत होती, जणू मी अजून काहीतरी काढून घेते आहे.

दुकानाबाहेर येताच मी ताईला फोन केला. तिच्यावर संशय घ्यायचं माझ्या मनातही आलं नाही. मी तर तिला बातमी देत होते. "ताई, छपाईत गडबड झाली वं. भागीदारवाला परिच्छेदच गेला. चित्र बी कापलं त्यायनं."

"असं का? राह्यलं असन. पाहते मी," ती म्हणाली आणि मीटिंग आहे सांगून फोन ठेवला.

पुढं तिचे फोन येणं बंद झालं. मी मेसेज पाठवले की 'बघते' असं उत्तर यायचं. आमचं 'पाहते' नव्हे, पुण्याचं 'बघते'. तेव्हा मी त्याकडं लक्ष दिलं नाही.

तोवर आणखी दुकानदारांनी तक्रारी केल्या असाव्यात, कारण कंपनीनं व्हिडिओवर एक बैठक लावली आणि मलाही बसवलं. पडद्यावर पाच-सहा चौकोन, त्यातला एक ताईचा. मागं पुस्तकांचं कपाट, केस नीट बांधलेले. बोलणारे साहेब सगळ्यांत वरच्या जागेवरचे होते. ते शांतपणे म्हणाले, "मराठी पुस्तिकेत हा भाग राहून गेल्यामुळं विदर्भातून तक्रारी येत आहेत. लेखिकेकडून तो राहिला असं मला सांगण्यात आलं. पुढच्या वेळी काळजी घ्यावी."

मी ताईच्या चौकोनाकडं पाहिलं. वाटलं, आता बोलेल. ती बोलली. "हो सर. माझ्याकडं आलेल्या मसुद्यात तो भाग नव्हता."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. मी म्हणाले, "माझ्या मसुद्यात होता. ताई, तू तर मला फोन करून..." साहेब म्हणाले, "ठीक आहे, ठीक आहे, ते आपण नंतर बघू." आणि ताई माझ्याकडं, म्हणजे कॅमेऱ्याकडं, पाहून म्हणाली, "तुला पाठवायचा असेल तर पुन्हा पाठव मसुदा. मी तपासते."

तुला. इतक्या वर्षांत ती मला कधी 'तुला' म्हणाली नव्हती. आमच्यात 'तुले' होतं. तो एक शब्द मला जितका लागला तितकं तिचं खोटंही लागलं नव्हतं.

मी मसुदा पाठवला, साहेबांनाही पाठवला. कोणाचंच उत्तर आलं नाही. दिवसभर मी खोलीत बसून राहायची. खरं सांगायचं तर नोकरीची काळजी कमी होती. मी मागं जाऊन जाऊन आठवत होते, ती नेमकी कधी बदलली. बसस्टँडवरची ती, आमच्या ताटात जेवणारी ती, 'मस्त लिहिला' म्हणणारी ती. त्यातली खरी कोणती, हे ठरत नव्हतं. 'मस्त लिहिला' म्हणाली तेव्हाच काढायचं ठरलं होतं का? की नंतर? हे कळल्याशिवाय मला चैन पडेना.

ती चुलत भावाच्या साखरपुड्याला शिरपूरला आल्याचं आईकडून कळलं. मी सकाळच्या बसनं गेले. बसमध्ये मंदिराला जाणारी यात्रेकरू मंडळी होती, त्यांच्या पिशव्यांमध्ये उभ्यानं गेले. ताईच्या आईनं दारातच मला जवळ घेतलं. "किती वाळली वं पोरी! जेवून जाजो." त्यांना काहीच माहीत नव्हतं. ताई गच्चीवर आहे म्हणाल्या.

गच्चीवर उकडलेली हळद वाळत घातली होती. ताई पायानं ती खालीवर करत होती. मला पाहून ती दचकली नाही. बहुतेक वाट पाहत असावी.

"छपाईत गेला का थो परिच्छेद?" मी विचारलं. पूर्ण वाटेत मी दुसरं वाक्य ठरवलं होतं, पण तोंडून हेच निघालं. तिनं अजूनही हो म्हणावं, असं मला वाटत होतं.

"नाई," ती म्हणाली. "मीच काढला."

"आन चित्र?"

"थे बी मीच कापलं."

"मस्त लिहिला म्हनली होतीस तू."

"लिहिलाच होता मस्त. म्हनूनच काढा लागला." ती हळदीकडं पाहत बोलत होती. "इतकं साफ लिहिलं होतं तू का वाचनारा परतेक जन बटन बंद करनार होता. वरतून सांगतलं, हा भाग नोको. मी काय करू?"

"मले सांगायचं होतं न."

"सांगतलं असतं तं तू ऐकलं असतं? तू त्या चाचाच्या दुकानात जाऊन बोंबलली असती."

"बोंबललीच असती. तूच शिकोवलं मले, पडद्यावर जे हाय थे सोडायचं नाई."

तिनं एकदम वर पाहिलं. "शिकोवलं. तवा मी नवी होती."

मी विचारलं, "ठीक हाय, काढला. पन माह्यावर काहून लोटलं? मसुद्यात नव्हता म्हनली तू. सगळ्यायसमोर."

ती पुन्हा पायानं हळद खालीवर करू लागली. मग म्हणाली, "तू वाशीमात राहते. तुले काय फरक पडते? दोन दिवस लोक बोलतीन, भुलून जातीन. मले रोज त्याच लोकायत बसा लागते. माह्यं कर्ज हाय, फ्लॅट हाय. कोनावर तरी जानारच होतं थे."

तिच्या आवाजात ना राग होता, ना लाज. मला समजावून सांगत होती ती, जशी कधीकाळी क्रियापद कुठं ठेवायचं ते सांगायची. मी जिना उतरले. तिच्या आईनं पोळ्या टाकायला घेतल्या होत्या. पोट दुखतं असं सांगून मी निघाले. त्यांनी डब्यात लाडू भरून दिले, तो डबा घेतला. काय सांगून नाकारणार होते?

त्यानंतर मी जे केलं ते फार मोठं नव्हतं. माझा तोच परिच्छेद झेरॉक्सच्या दुकानात चिठ्ठ्यांवर छापून घेतला आणि डिंक घेऊन मी पुस्तिका दिलेल्या दुकानांत पुन्हा गेले. प्रत्येक ठिकाणी आधी मोबाइल मागायची, बटन दाखवायची, मालकाच्या हातानं बंद करवायची, मग पुस्तिकेत चिठ्ठी चिकटवायची. काही जण म्हणाले, "राहू द्या मॅडम, कोन काय करते आपलं." एका कापड दुकानदारानं मला चांगलंच झापलं. तेव्हा शिकवायला तुम्हीच आला होता, आता भीती घालायलाही तुम्हीच, असं म्हणाला. केनवडच्या भांड्यावाल्यानं देवाच्या फोटोखालून पुस्तिका काढली, चिठ्ठी लावू दिली, पण परत तिथं ठेवली नाही. टेबलावर टाकली.

कंपनीला हे कळलं. एक छोटी ईमेल आली की यापुढं आपल्या सेवांची गरज नाही. खाली ताईचंच नाव होतं, पण भाषा तिची नव्हती.

चाचांनी मला एकच गोष्ट मागितली. "तू माह्यासंगं केनवडले चाल. त्या मानसाले सांग का मी इकलं नाई."

आम्ही ऑटोनं गेलो. सूनही आली. ज्यांनी दुकानात येऊन आरोप केला होता त्या गृहस्थांच्या ओट्यावर बसलो. आत शोरूमची गादी भिंतीला उभी होती, प्लास्टिक काढलेलं नव्हतं. मी त्यांना मोबाइल उघडून दाखवलं. बटन कुठं आहे, ते चालू असताना काय होतं, मी काय लिहिलं होतं आणि ते कसं छापलं गेलं नाही. ते शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "म्हंजे चाचानं नाई इकला, तुमच्या कंपनीनं इकला."

"हो," मी म्हणाले.

"आन पुस्तक तुमीच वाटलं होतं."

"हो."

त्यांनी माझ्याकडं पाहणं सोडून चाचांकडं पाहिलं आणि म्हणाले, "चाचा, मी त्या दिवशी लय बोललो. मनावर घेऊ नोका. लहान पोरीच्या लग्नाच्या टायमाले गाद्या तुमच्याच." चाचांनी त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला. चहा आला. मलाही दिला, पण माझ्याशी पुढं कोणी बोललं नाही. परतताना चाचा ऑटोत मान हलवत राहिले, हलकं झाल्यासारखे. सून बाहेर पाहत होती.

मला वाटलं होतं, खरं काय ते सांगून झालं की सुनेच्या नजरेतला तो भाव जाईल. गेला नाही. आणि मी तो समजू शकत होते. मी ताईकडं ज्या नजरेनं पाहून आले होते, तीच ती नजर होती.

ताईशी नंतर बोलणं झालं नाही. एकदा तिच्या आई वाशीमच्या बसस्टँडवर भेटल्या, येत का नाहीस म्हणून रागावल्या. मी काम वाढलंय म्हणून सांगितलं. काम खरंच मिळालं होतं, बियाण्यांच्या दुकानांसाठीच्या एका सॉफ्टवेअरचं. आता छापायला जाण्याआधीची शेवटची प्रत माझ्याकडं आल्याशिवाय मी काही सोडत नाही, आणि आल्यावर ती पानापानानं मूळ पडद्याशी ताडून पाहते. चित्रांच्या कडा आधी. लोकांना वाटतं मी कामात फार काटेकोर आहे.

या वर्षी पावसाळ्याच्या आधी चाचांच्या सुनेचा फोन आला. त्यांनी दुसरं कुठलंतरी ॲप घेतलं होतं, दुकान तेच. ते सुरू करायचं होतं. मी लगेच म्हणाले, "थांबा, मी येते दुकानात, करून देते."

"नाई दीदी, येऊ नका," ती म्हणाली. "तुमी सांगू बी नका. मी वाचते, तुमी फक्त ऐका. जिथं मले समजनार नाई तिथं मी इचारीन."

मग ती पहिल्या पडद्यापासून वाचायला लागली. तिचं मराठी आता बरंच सुधारलेलं होतं. प्रत्येक शब्द, प्रत्येक बटन, बारीक अक्षरातली ओळसुद्धा. मागं पिंजायची मशीन चालू होती, त्यामुळं तिला ओरडून वाचावं लागत होतं. एका ठिकाणी ती थांबली आणि म्हणाली, "इथं 'सहमती' लिहिलं हाय. कशाची सहमती? खाली काय हाय ते उघडून पाहू का?"

"पाहा," मी म्हणाले, आणि ती ते उघडेपर्यंत फोन कानाला लावून गप्प बसले.